पाचवा नट

वडीगोद्रीत हायवेवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत पत्र्याचे दोन शेड आहेत, पाठीला पाठ लावून. एक अप्पाराव साळव्यांचा, दुसरा सिराजोद्दीन मास्तरांचा. मधे एकच भिंत आणि ती अर्धीच. त्यामुळे एकजण खोकला तर दुसरा पाणी विचारायचा.

अप्पाराव एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं टायरच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागं स्वतःचा काँप्रेसर बसवला. लाल टाकीचा, खाली चाकं असलेला. त्यावर चालणारी नट खोलायची गन, खिळे मारायची गन, रंग मारायची गन आणि नुसती फुंकर मारायचीही गन. घरात काही बिघडलं की अप्पारावांचा इलाज एकच, हवा. एकदा बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी सुपातल्या गव्हातला कचरा हवेनं काढायला घेतला. कचरा गेला, गहूही गेला. तो शेजारच्या पत्र्यावरून चिमण्यांनी दोन दिवस खाल्ला. मालनबाई पुढं आठवडाभर शेडाला बाहेरून कडी लावून ठेवत होत्या.

सिराजोद्दीन मास्तर उर्दू शाळेत गणित शिकवायचे. त्यांना लाकूडकामाचा नाद उतारवयात लागला. त्यांची एकुलती एक लेक मारिया अंबडला औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती. पहिला पगार झाला तेव्हा तिनं वडिलांना बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन आणि नट खोलायची गन आणून दिली. दोन्हीला मिळून बॅटरी एकच. तेव्हापासून मास्तर ड्रिल हातात घेऊनच गल्लीत निघायचे आणि कुणाच्या भिंतीला हूक हवा का म्हणून विचारायचे. नको म्हटलं तरी मारून द्यायचे. समोरच्या दैवशालाकडं घड्याळ एक आणि हूक सात झाले होते.

दोघांचं भांडण रोजचं होतं.

"मास्तर, ते खेळणं हाय," अप्पाराव भिंतीवरून म्हणायचे. "चावी दिलेल्या माकडासारखं. दम संपला की गप."

"आणि तुमचं काय, अप्पा? नळी काढली की जीव जातो. दवाखान्यातला पेशंट बरा."

"हवा फुकट असती."

"बिलकुल फुकट. पण ती टाकीत भरायला लाइट लागती, आणि तुम्ही काँप्रेसर लावला की माझ्या घरातला पंखा दमून जातो."

मारिया लहानपणापासून या दोघांच्या मधे वाढली होती. शाळेतून आली की दप्तर टाकून कधी या शेडात तर कधी त्या शेडात बसायची. अप्पारावांना स्वतःला लेक नव्हती, मुलगा सूरज पुण्यात. त्यामुळं मारियाचं लग्न नांदेडला ठरलं तेव्हा अप्पाराव पाहुण्यांच्या यादीपेक्षा कामांची यादी घेऊन मास्तरांकडं गेले.

"दारं-खिडक्यांचा रंग माझ्याकडं. हवेच्या गननं मारून देतो, आरशासारखा."

रंग खरंच आरशासारखा आला. फक्त त्या दिवशी वारा मास्तरांच्या अंगणाकडं होता आणि तिथं त्यांची पांढरी बकरी बांधलेली होती. संध्याकाळी बकरी एका बाजूनं पांढरी आणि दुसऱ्या बाजूनं पिस्ता रंगाची झाली. मास्तर दोन दिवस अप्पारावांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण मांडवाचे पत्रे धरायला माणूस हवा होता. अप्पारावांनी पत्रे धरले, मास्तरांनी बॅटरीच्या ड्रिलनं एकामागून एक स्क्रू मारले, आणि दिवसभर दोघांनी एकमेकांच्या यंत्राला नावं ठेवली. म्हणजे सगळं सुरळीत झालं.

लग्नाच्या दिवशी दुपारी निकाह झाला, जेवणं झाली. नांदेड लांब पडतं, म्हणून साडेचारलाच निघायचं ठरलं होतं. मारियाची आई ताहेरा सकाळपासून रडत नव्हती, ती नुसती कामं शोधत होती. एका बाईच्या हातातली धुतलेली भांडी घेऊन तिनं परत धुतली. मास्तर तर लेकीकडं बघतच नव्हते. मांडवाचे स्क्रू तपासून राह्यले होते.

लेकीला गाडीत बसवलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, जेमतेम दोन हात पुढं घेतली आणि थांबवली. मागच्या डाव्या चाकातली हवा गेली होती.

अप्पाराव सगळ्यात आधी वाकले. टायरमधून टोक बाहेर आलं होतं. त्यांचा जीव घाबरला, कारण कालच त्यांनी हवेच्या गननं मांडवाच्या फळ्यांना खिळे मारले होते. त्यांनी चिमट्यानं ते टोक ओढून काढलं, उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"स्क्रू हाय!" ते ओरडले. "खिळा न्हाई! बघा सगळ्यांनी, स्क्रू हाय!"

मास्तर मांडवाच्या पत्र्यांकडं बघायला लागले. नवरदेवाचे मामू म्हणाले, "ते राहू द्या, चाक बदला."

स्टेपनी होती. ड्रायव्हरनं पाना लावला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिला. नट हलला नाही. त्यानं उडी मारली तेव्हा पाना वाकला आणि ड्रायव्हर बसला. पाच नट होते, पाचही गंजून बसलेले.

"हायवेवर पंक्चरवाला असेल ना?" मामूंनी विचारलं.

"आमच्या दारात पंक्चरवाला?" अप्पाराव आणि मास्तर एकदमच म्हणाले. लग्नाच्या गडबडीत दोघांचं एकमत झालेलं गल्लीनं तेवढंच एकदा पाहिलं.

अप्पाराव धावत शेडात गेले. नळी गाडीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून त्यांनी काँप्रेसरच ढकलत आणला, मांडवातून, खुर्च्यांच्या मधून, पाहुण्यांच्या पायांवरून. मांडवातल्या बोर्डात पिन लावली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. लाइट गेल्ती.

"मंग?" मास्तर म्हणाले.

"मंग काय? टाकीत सकाळची हवा हाय. काटा बघा, सहा किलो." अप्पारावांनी गन लावली. टर्रर्र! पहिला नट निघाला. टर्रर्र! दुसरा. पाहुण्यांनी वाहवा केली. तिसऱ्याला गन जोरात सुरू झाली, मग हळू झाली, मग म्हाताऱ्या माणसासारखी फुस्स करून गप्प बसली.

"पेशंट गेला," मास्तर म्हणाले आणि घरातून आपली बॅटरीची गन घेऊन आले. बॅटरीत चारपैकी एकच दिवा लागत होता, कारण दिवसभर तीच बॅटरी मांडवासाठी वापरली होती. तरी तिसरा नट निघाला. चौथाही निघाला. आता मास्तरांनी बाह्या सावरून सगळ्यांकडं नजर फिरवली. मग ते पाचव्या नटापुढं गुडघे टेकून बसले.

गाडीच्या काचेतून मारिया त्यांच्याकडं बघत होती. दिवसभरात पहिल्यांदाच मास्तरांनी मान वर करून तिला पाहिलं.

टक टक टक टक. गन वाजत राहिली. नट निघाला नाही.

"काय झालं?" मामूंनी विचारलं.

"जाम हाय," मास्तर म्हणाले.

अप्पाराव त्यांच्या शेजारीच उकिडवे बसले होते. त्या गनच्या खटक्यावर एक छोटं बटण असतं. एका बाजूनं दाबलं की नट सुटतो, दुसऱ्या बाजूनं दाबलं की आवळतो. अप्पारावांनी पाहिलं, बटण उलट्या बाजूला होतं. मास्तर नट आवळून राह्यले होते.

मास्तरांची गन आल्यापासून ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता. अख्खी बरात समोर होती. अप्पारावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष मास्तरांच्या हाताकडं गेलं. अंगठा त्या बटणावरच होता, मुद्दाम ठेवलेला.

"पाच मिनिटं, अप्पा," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त पाच मिनिटं."

अप्पाराव उभे राहिले. घसा साफ केला.

"जाम हाय!" ते मोठ्यानं म्हणाले. "बिलकुल जाम. एसटीत असले नट लई बघितले. जल्दी करायचं काम न्हाई. पोरीला खाली घ्या, गाडी हलंल. चहा टाका."

मारिया खाली उतरली. तिला आईशेजारी खुर्ची दिली. ताहेरानं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का?" मारियानं नाही म्हणून मान हलवली. लगेच ताट आलं. दालचा आणि भात. दागिन्यांनी भरलेल्या हातानं लेक जेवू लागली आणि आई घास पोटात जाताना बघत राहिली. कुणीतरी हिरव्या बकरीची गोष्ट काढली. मारिया ठसका लागेपर्यंत हसली. नवरदेवही येऊन शेजारी बसला आणि त्यालाही परत जेवायला लागलं.

चाकाजवळ मास्तर अधूनमधून टक टक करत होते, लोकांना काम चालू दिसावं म्हणून. पाच मिनिटांची वीस झाली. मग मास्तरांनी दीर्घ श्वास घेतला, अप्पारावांकडं पाहून मान हलवली आणि बटण सरळ केलं. गन टकटकली, दोनदा. दिवा विझला. बॅटरी संपली होती.

अप्पारावांनी बॅटरी काढून झटकली आणि परत बसवली.

"आता?" मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"किती आवळला?"

"वीस मिनिटं आवळून राह्यलो ना, अप्पा."

"अरे देवा," अप्पाराव म्हणाले. ते कधी देवाचं नाव घेत नसत, घरात बुद्धाची मूर्ती होती. पण नटच तसा होता. लाइट नाही, हवा नाही, बॅटरी नाही, पाना वाकलेला. आणि मामू हातातल्या घड्याळाकडं बघत येत होते.

वाचवलं मालनबाईंनी. या दोघांचा त्यांना इतक्या वर्षांचा अनुभव होता. गन पहिल्यांदा फुस्स झाली तेव्हाच त्यांनी हायवेवरच्या इजहारला फोन लावला होता. इजहार पंक्चरवाला दुपारी जेवून दुकानावर परत गेल्ता. तो मोटारसायकलवर आला, खांद्यावर चार हात लांब लोखंडी पाइप आणि कमरेला पाना. पाना नटाला लावला, पाइप पान्यात घातला आणि टोकाला धरून एकदा वजन टाकलं. नट किंचाळला, आणि सुटला.

सगळे टाळ्या वाजवू लागले. इजहार मात्र नट हातात घेऊन निरखत होता.

"हा आत्ताच आवळलेला हाय," तो म्हणाला. "चार नट गंजलेले, आणि हा बघा कसा घासून चमकून राह्यला. कुणी उलटी गन फिरवली?"

मामूंची भुवई वर गेली. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना खोटं बोलता येत नसे, बोलायला लागले की कान लाल व्हायचे. कान लाल व्हायलाच लागले होते.

"मी फिरवली," अप्पाराव म्हणाले.

"तुम्ही?" इजहारचा विश्वास बसेना. "अप्पा, तुम्ही एसटीतले!"

"हवेच्या गनचं असंच असतं," अप्पाराव म्हणाले. एकेक शब्द त्यांनी दाढ काढल्यासारखा बाहेर काढला. "उलटी-सुलटी कळत न्हाई पटकन. बॅटरीच्या गनला बरं असतं. बटण असतं. हवा संपली तवा मी याच नटावर होतो, तवाच आवळून बसला. बिचारे मास्तर मंग सोडवायला बघत होते."

हसण्याचा स्फोट झाला. मामू इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. एसटीचा टायरवाला, एकतीस वर्षं, आणि नट उलटा! दैवशाला तर भिंतीला टेकून हसत होती. अप्पाराव मधे उभे राहून सगळ्यांसोबत हसले, म्हणजे हसल्यासारखं तोंड केलं. मास्तर एकटे हसले नाहीत.

चाक बदललं. ऊन उतरलं होतं. मारिया आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पडली; या वेळी मास्तरांनी तिला नीट बघून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग ती अप्पारावांपुढं आली.

"अप्पाकाका," ती हळूच म्हणाली, "गन कुणीकडं फिरती ते आवाजावरून कळतं मला. मी शेडात काय झोपा काढायला बसत होते का?"

अप्पाराव काही बोलणार तोच तिनं त्यांचा हात दाबला. "मी पण भात सावकाशच खाल्ला," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी हायवेला लागली. गल्लीतले लोक खुर्च्या आवरायला लागले. इजहारनं पाइप खांद्यावर टाकला आणि मांडवात उरलेला दालचा डब्यात भरून घेतला.

हे होऊन आता वर्ष होत आलं. अजूनही अप्पारावांनी शेडात गन हातात घेतली की रस्त्यावरून कुणीतरी ओरडतं, "अप्पा, कुणीकडं फिरून राह्यली बघून घ्या!" अप्पाराव चिडत नाहीत. "बघतो, बघतो," म्हणतात आणि खरंच एकदा बघतात. भिंतीपलीकडं मास्तरांचं ड्रिल तेवढ्यापुरतं थांबतं, आणि मग पुन्हा चालू होतं.