झाकणावरचं नाव

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा एक हट्ट होता. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याआधीच त्या बरणीच्या झाकणावर पेशंटचं नाव लिहून ठेवायच्या. बरणीच्या अंगावर लिहिलं की औषधाच्या ओघळाने शाई पुसते, असं त्यांचं म्हणणं. हाताखालच्या मावशी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होत्या, "अहो बाई, झाकण निघतं ना! चिठ्ठी बरणीला चिकटवा." पण बाईंनी कधी कुणाचं ऐकलं असेल तर शपथ.

मागच्या आठवड्यात एकाच सकाळी हिरडीच्या दोन गाठी आल्या. एक शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची आणि दुसरी बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. दोन्ही वाटाण्याएवढ्या, दोन्ही गुलाबी. अशा गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतात, पण कोणती साधी आणि कोणती घातकी हे नुसतं बघून छातीठोक सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय. म्हणून दोघांचेही तुकडे काढून लॅबला धाडले.

सोमवारी ड्रायव्हरचा रिपोर्ट आला. कॅन्सर. बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. "चला, अर्धा जबडा गेला की बायकोशी भांडणं तरी निम्म्यावर येतील," असं म्हणून गडी हसला, आणि मग त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण काही लावता येईना. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने गुरुवारी सकाळी आठची वेळ दिली.

धाकटीचा रिपोर्ट मात्र येईना. सोमवार गेला, मंगळवार गेला. एकाच दिवशी गेलेला तुकडा, मग याला उशीर का? लॅबवाले पुन्हा पुन्हा तपासतायत म्हणजे काहीतरी वाईटच निघालं असणार, असं बाईंनी मनाशी धरलं. जेवण जाईना.

बुधवारी दुपारी पाकीट आलं. धाकटी तिथेच खुर्चीत पाय हलवत बसली होती. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं: हाडाचे कण असलेली हिरडीची गाठ, क्वचित आढळणारी, पूर्णपणे साधी. कॅन्सर नाही.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी धाकटीला मिठी मारली आणि चक्क रडल्या.

"पुरे गं ताई," धाकटी म्हणाली, "एवढ्यात नाही जात मी. तुझं डोकं खायला दुसरं आहे कोण?" आणि मावशींना घेऊन ती चहा करायला आत गेली.

बाईंनी आभार मानायला लॅबच्या डॉक्टरांना फोन लावला. उशिराबद्दल दोन शब्द सुनवायचेही होतेच.

"उशीर होणारच हो," ते म्हणाले. "दगड होता नुसता! हाड असलं की आमच्या पात्याला दाद देत नाही. दोन दिवस ॲसिडमध्ये मऊ करत ठेवला. तुम्हालाही काढताना खरखर लागली असेल की."

लागली होती. बाईंना चांगलं आठवलं. पातं करकरलं तेव्हा त्या म्हणालेल्याही, "काय हो, खडे खाता की काय?" पण ते ड्रायव्हरला. धाकटीची गाठ लोण्यासारखी कापली गेली होती.

मग पुढचंही आठवलं. टेबलावर दोन उघड्या बरण्या शेजारी शेजारी, वाजणारा फोन, तो मानेत धरून घाईने फिरवलेली दोन झाकणं.

बाई स्टुलावर बसल्या. आतून धाकटीचं हसणं ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांच्या मनात पाप आलं. ड्रायव्हरचं वाईट चिंतावं असं काही नव्हतं, पण जोवर आपण फोन करत नाही तोवर ती आत हसणारी पोर ठणठणीत आहे, असं त्यांना वाटलं. त्या वाटण्याची त्यांना लगेच शिसारी आली. उद्या सकाळी आठला एका धडधाकट माणसाचा जबडा कापला जाणार होता.

त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. चूक माझी, गाठ साधी, ऑपरेशन रद्द, असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके.

"रागावलो नाही हो बाई," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्या घरादाराचं भलं होवो. तुमच्या भावाबहिणींना माझं आयुष्य लाभो."

बाईंनी घाईने फोन ठेवला. मग त्यांनी सर्जनचा नंबर फिरवला आणि सगळं सांगितलं.

"बरं झालं वेळेवर कळलं," सर्जन म्हणाले. "पण मग तो कॅन्सरचा तुकडा कुणाचा? त्या पेशंटला थांबवून चालणार नाही. आठची वेळ आता मोकळीच आहे, तपासून घेतो. पाठवता?"

"पाठवत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या आठला मीच घेऊन येते."

त्यांनी मान वर केली. धाकटी चहाचे तीन कप घेऊन दारात उभी होती.

"कुठे जायचंय गं उद्या आपल्याला?" तिने विचारलं.