बैल बुजण्याबाबत

"हा सवाल गावाच्या पुढच्या शंभर वर्षांचा हाय," असं म्हणून सरपंच धर्मा पाटलांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाच्या चौथ्या पायाखालची वीट सरकली, टेबल कलंडलं आणि शाईची दौत घरंगळत येऊन पंच देवजीच्या मांडीवर पालथी झाली. धोतराला माती चोळून होईपर्यंत पुढची शंभर वर्षं तहकूब राहिली.

देवजीनं आधी धोतराकडे पाहिलं नाही, विटेकडे पाहिलं. वीट आपली आपण सरकते हे त्याला पटणारं नव्हतं.

"वाचा भाऊसाहेब," सरपंच ग्रामसेवकाला म्हणाले. "पुन्हा वाचा. सावकाश."

ग्रामसेवकानं अर्ज पुन्हा वाचला. अर्जदार कमळू, राहणार करंजपाडा, यानं भात भरडण्याची गिरणी घातली होती. गिरणीसमोर त्याचं स्वतःचं अंगण होतं. तरी गिऱ्हाइकांच्या बैलगाड्या अंगणात न घेता रस्त्यापलीकडे होळीच्या माळावर उभ्या करू द्याव्यात, अशी त्याची विनंती होती. कारण एका ओळीचं होतं: इंजिनाच्या आवाजाने बैल बुजतात.

ही परवानगी मागायची वेळ यावी, याला नियम कारण होता. ग्रामपंचायत नवी होती तेव्हा ग्रामसेवकानं कुठल्याशा मोठ्या बाजारपेठेच्या नियमांची नक्कल करून आणली आणि गाळायचं ते गाळायचं राहून गेलं. धंदेवाल्यानं गिऱ्हाइकांच्या गाड्या आपल्याच जागेत उभ्या कराव्यात, असा एक नियम त्यात होता. तो एकमतानं मंजूर झाला. त्या वेळी गावात धंदा असा एकच होता, देवळामागचा न्हावी, आणि त्याच्याकडे कुणी गाडीनं येत नसे.

आता मात्र गाठ पडली होती. गाड्यांची सोय झाली असा पंचायतीचा कागद दिल्याशिवाय तालुक्याला गिरणीचा परवाना मिळत नव्हता. कमळू सात-आठ वर्षं वाशिंदला एका गिरणीत इंजिनावर होता. ओहोळाकाठचं शेत विकून त्यानं हे इंजिन आणलं होतं. भातं पिवळी पडायला लागली होती. कागद हंगामाआधी हातात आला नाही तर शेतही नाही आणि गिरणीही नाही, अशी त्याची गत होणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणाला घाई नव्हती.

"अंगण हाय, तरी माळ मागतोय," पंच नथू म्हणाला. "का?"

"बैल बुजतात, लिवलंय ना," ग्रामसेवक म्हणाला.

"लिवलंय म्हणूनच इचारतो, भाऊसाहेब. गाड्या रस्त्यात उभ्या केल्या असत्या तर आमी काय गोळ्या घालनार व्हतो? तो लेखी मागतो. सरळ मानूस कदी लेखी मागतो काय?"

या बोलण्यात तथ्य होतं असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मग एकेक निघालं. मुरबाड-शहापूर रस्ता रुंद होणार आणि माळाचे पैसे येणार, हे कमळूला वाशिंदला कळलं असणार. नाहीतर माळ हळूहळू गिळायचा बेत असणार; आज गाड्या, उद्या छप्पर. नथूचं मत वेगळं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात कमळूनं बोरीच्या काट्या टाकल्या होत्या. दारूबंदीच्या राज्यात अंगणात काट्या टाकून माणूस काय झाकतो?

"मडकी," नथूनं स्वतःच उत्तर दिलं. "वास येऊ नये म्हणून वर शेण सारवतात. त्याची बायको, ती पारू, रोज सारवते. कुणाला पाय ठेवू देत नाय तिथं."

"देवजी, तू बग जाऊन," सरपंच म्हणाले.

दुसरं नाव कुणी सुचवलं नाही. देवजीचा संशय ही गावाची सामाईक मालमत्ता होती. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींची मंगलाष्टकं संपायच्या आधी त्यानं खाली वाकून पलीकडे पाहिलं होतं. दुसरीच पोर उभी केली असेल म्हणून. पलीकडे राहीच होती. तिनं ते अजून विसरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवजीनं बैल जुंपले आणि रिकामी गाडी कमळूच्या अंगणात घातली. कमळू गिरणीच्या पडवीत पट्ट्याला राळ लावत होता. तो हात पुसत उठला.

"या काका. भात आनलंत?"

"बैल आनलेत. तुझं इंजिन चालू कर."

"परवाना नाय अजून."

"भात नको घालू. मोकळं फिरव. मला बैल बुजलेले बगायचेत."

कमळूनं एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, मग आत गेला आणि हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. पत्रा थडथडायला लागला. धुराड्यातून काळी वर्तुळं निघाली. शेजारच्या कोंबड्या उडून कुडावर बसल्या.

देवजीच्या बैलांनी कान हलवले. डाव्यानं डोळे अर्धे मिटले आणि रवंथ सुरू केलं. उजवा मुतला. ते काही विशेष बैल नव्हते, पण शिमग्याच्या ढोलाखाली झोपलेले सगळ्या गावानं पाहिले होते, आणि इंजिन त्यांना ढोलापेक्षा बरं वाटलेलं दिसलं.

देवजीला आत कुठेतरी गोड वाटलं. लबाडी हाताशी लागली की त्याला असंच वाटायचं, भूक लागल्यावर भाकरीचा वास यावा तसं.

"बुजले काय रं?" तो ओरडला.

कमळू पडवीच्या खांबाला धरून उभा होता. इंजिनाच्या आवाजात तो काही बोलला की नाही ते समजलं नाही.

देवजी गाडीवर चढला. गाडी वळवायची तर कोपऱ्यावरूनच वळवायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. चाकाखाली मडकं फुटलं तर आवाज येईलच. त्यानं कासरा डावीकडे ओढला. बैल काट्यांच्या दिशेनं निघाले.

घरातून पारू आली. धावत नाही, चालतच आली. हातात सूप होतं, सुपात तांदूळ होते. ती डाव्या बैलाच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली. बैलानं सुपात तोंड घातलं. तिनं सूप हलवलं नाही.

"बाजूला हो गो," देवजी म्हणाला.

ती हलली नाही. डोक्यावरचा पदर तिनं मोकळ्या हातानं पुढे ओढला, तेवढंच.

बैलाचा खूर एका काटीवर पडला होता. काटी सरकल्यावर खालचं दिसलं. ओहोळातले गुळगुळीत धोंडे होते, पाच-सहा, शेजारी शेजारी लावलेले. जागा केवढी तर सुपाएवढी.

देवजीनं कासरा सैल सोडला. कमळूनं इंजिन बंद केलं. अचानक झालेल्या शांततेत बैलाचं तांदूळ खाणं तेवढं ऐकू येत राहिलं.

"कदी?" देवजीनं विचारलं.

"आखाडात, मामंजी," पारू म्हणाली. "ओहोळाला पानी व्हतं. पल्याड नेता आली नाय."

करंजपाड्याची लहान लेकरं पुरायची जागा ओहोळापलीकडे, करंजांच्या खाली होती. देवजीला ती चांगली ठाऊक होती. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे आणि त्यावर काट्या ठेवतात, हेही ठाऊक होतं. गेल्या महिनाभरात तो या काट्यांजवळून दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा मनाशी मडक्यांचा हिशेब केला होता.

तो खाली उतरला. बैल काही मागं चालत नाहीत. तेव्हा त्यानं जोखड सोडलं, बैल कुडाला बांधले आणि गाडी हातानं मागे रेटायला लागला. कमळू दुसऱ्या चाकाला लागला. गाडी जड होती. एका खाचेत देवजीचा पाय निसटला आणि गुडघा खरचटला. दोघांनी मिळून ती रस्त्यावर आणली.

"कागदावर असं का लिवलंस?" देवजी धापा टाकत म्हणाला.

"खरं लिवलं असतं, काका, तर या गिरनीवर भात कोन आनला असता? खायचं भात ते." कमळूनं चाकाची माती हातानं काढली. "उकरून पल्याड नेऊ म्हटलं मी. पारू नाय म्हणते. म्हणते एकदा निजवली ती निजवली."

देवजी बैल सोडायला परत अंगणात गेला. जाताना त्यानं सरकलेली काटी उचलली आणि तिचं बूड बाहेर, काटे आत करून नीट बसवली. कशी बसवायची ते त्याला कुणी सांगितलं नाही. पारू पाहत होती. सूप रिकामं झालं होतं.

घरी राहीनं गुडघा पाहिला आणि हळद आणली.

"तुला ठाऊक व्हतं?" देवजीनं विचारलं.

"आंघोळ मीच घातली तिला. गावातल्या समद्या बायांना ठाऊक हाय."

"मला बोलली नायस."

"तुमी दाखला मागितला असता," राही म्हणाली आणि हळद दाबली.

पुढच्या सभेला टेबलाच्या पायाखाली दोन विटा होत्या. नथू आधीच येऊन बसला होता. खुद्द पोलीस पाटलाला कधी बोलवायचं, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

"बोल देवजी," सरपंच म्हणाले. "काय बगितलंस?"

"बैल बुजतात," देवजी म्हणाला.

नथू पुढे सरकून बसला.

"कुनाचे बैल?" नथूनं विचारलं.

"माझे."

"तुझे? ते शिमग्याला ढोलाखाली निजतात ते?"

"तेच."

"ते बुजले?"

"उधळले. मला पाडलं." देवजीनं धोतर वर करून गुडघा दाखवला. नथूनं वाकून गुडघा पाहिला. खरचटलेलं खरं होतं.

"आन् काट्या?"

"वांग्याची रोपं. कोंबड्या उकरतात."

नथू सरळ होऊन बसला. त्यानं सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी नथूकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून देवजीकडे पाहिलं. पन्नास वर्षांत ज्या माणसानं देवळातला प्रसादसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडात घातला नाही, तो आज दुसऱ्याच्या शब्दाला हमी राहत होता. याचा अर्थ लावायला फार डोकं लागत नव्हतं.

"काय दिलं रं त्यानं?" नथूनं हळू विचारलं.

देवजी शाईचा डाग पडलेल्या जागी धोतराची घडी करत बसला.

सरपंचांनी घसा साफ केला. ज्या प्रकरणात देवजीला काही मिळालं, त्या प्रकरणाला विरोध करून आपलं नुकसान करून घ्यायचं नसतं, एवढं राजकारण त्यांना येत होतं. अर्ज मंजूर झाला, एकमतानं. होळीच्या दिवशी माळ मोकळा करून द्यावा, एवढी अट ग्रामसेवकानं स्वतःहून घातली.

त्यानंतरचे काही दिवस देवजीकडे पाणी प्यायला येणारांची संख्या वाढली. नथू आला तो पाणी पिता पिता कणगीत डोकावला. सरपंचांनी सहज म्हणून गोठ्यातला पत्रा नवा की जुना ते विचारलं. जुनाच होता, म्हणून ते अधिक विचारात पडले. दुकानात कुणी देवजीला आधी माल दिला तर मागचा माणूस खाकरायचा. राहीनं एकदा नथूच्या बायकोला अंगणातच विचारलं, "कनगी परत दाखवू काय गो?" आयुष्यभर देवजी ज्या नजरेनं लोकांकडे बघत आला होता, ती नजर समोरून कशी दिसते, हे त्याला आता रोज दिसत होतं. तरी वीट कुणी सरकवली होती, हा विचार त्यानं सोडला नव्हता.

कागद तालुक्याला गेला, परवाना आला. माळावर कमळूनं स्वतः फावड्यानं जागा सपाट केली आणि बैल बांधायला खुंट ठोकले. पंचांनी जाऊन खुंटांची पाहणी केली. कापणी झाली, झोडणी झाली आणि इंजिन सुरू झालं. त्याचा ठोका ओहोळापलीकडे ऐकू यायचा.

भात येऊ लागलं. घरात तांदूळ संपला की पाटीभर भात घेऊन बाया यायच्या, डोक्यावरून. अंगणाच्या डाव्या कोपऱ्याला वळसा घालून पडवीत चढायच्या, आणि तांदूळ घेऊन तशाच परत जायच्या. कणगीतलं भात एकदम कुणी भरडून ठेवत नाही. कधीच ठेवत नव्हतं.

त्या हंगामात गिरणीवर एकही गाडी आली नाही.