मरव्याचा वास

भर दुपारी सुनीलच्या ओटीवर वाडीतली सगळी माणसं दाटीवाटीने बसली होती, पण कोणी खोकतही नव्हतं. मधोमध आपल्या दुहेरी घोंगडीवर हैबती भगत टाचा घासत घुमत होता. बघता बघता मरव्याचा वास सुटला.

चंद्रभागा रोज केसांत मरवा माळायची. तिला जाऊन चार महिने झाले होते आणि घरात आता मरव्याचं एक पानही नव्हतं. पण हैबती घुमायला बसला की तो वास येई आणि सुनीलला वाटे, बायको पाठीशी उभी आहे. मागे वळून बघायचं मात्र धाडस होत नसे.

"आली रे तुझी अस्तुरी," हैबती घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पोरीसाठी जीव तुटतोय तिचा. त्या गोळ्यांचा दर्प तिला सोसवत नाय. गोळ्या नको, आईच राखील पोरीला."

आठ वर्षांच्या सेजलला फेफरं यायचं. पोलादपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते वर्षभर थांबलं होतं. हैबतीचं ऐकून सुनीलने तीन दिवस गोळ्या दिल्या नाहीत, आणि आज सकाळी पोर चुलीपाशी कोसळली. ते कळल्यावर आरोग्यसेविका वैशाली घाट चढून आली होती.

ती पुढे झाली. "बुवा, जरा उठता? मी बसते तिथं."

"नाय बाय. भगताची जागा हाय ती. कोप होईल."

"होऊ दे माझ्यावर."

"बसू दे तिला," सुनीलची आई ठमाबाई म्हणाली. हैबतीला उठावं लागलं.

वैशाली स्वस्थ बसली. वास विरत गेला. मग ती हैबतीसारखी घुमू लागली, टाचा घासू लागली, आणि मरवा पुन्हा दरवळला.

"चंद्रभागा माझ्या अंगात आली का?" तिने विचारलं. मग तिने घोंगडीची शिवण उसवली. आत मरव्याची सुकली पानं आणि काड्या होत्या.

"मरवा, तुळस, पुदिना, सगळ्यांच्या पानांवर तेलाचे बारीक फुगे असतात. पान रगडलं की ते फुटतात आणि वास सुटतो. बुवा टाचेने हेच रगडत होते."

हैबती खाली बघत पुटपुटला, "दवाखाना झाल्यापासून माज्याकडं कोन येतं?"

सुनीलने मूठभर पानं नाकाशी धरली. "म्हंजे ती कवाच आली नाय?"

"नाही, सुनीलदादा."

त्याने पानं घोंगडीवर टाकली. मग आत निजलेल्या सेजलला खांद्यावर घेतलं. डॉक्टरकडे न्यायला वैशालीने जीप थांबवली होती. ओटीवरून उतरताना तो लोकांकडे वळला.

"वास खरा होता, म्हनून मी सांगनारा पन खरा मानला. तुमी मानू नका. वास कुठनं येतो ते आधी शोधा. आनि कुनाच्या सांगन्यावरनं पोराचं औषद तोडू नका."