तीन काळी टोपणं

जावयाचा कॉम्प्युटर बघायला मिस्त्री मुलीच्या घरी आले ते नाक मुरडतच. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि एक मत पक्कं झालं होतं, की यंत्र कधी मूर्ख नसतं. मूर्ख असतो तो समोरच्या खुर्चीत बसलेला.

खुर्चीत जावई होता.

हा डेस्कटॉप मिस्त्रींनीच नऊ वर्षांपूर्वी जोडून दिला होता. त्यावर जावई लोकांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ जोडायचा, तोवर सगळं ठीक होतं. मग पूल बांधणाऱ्या एका कंपनीने त्याला बावीस मिनिटांची फिल्म जोडायला दिली. ती आवडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. एवढं ऐकल्यावर जावई बाजारात गेला आणि सासऱ्याला एका शब्दाने न विचारता नवी मेमरी, नवी डिस्क, मोठं ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचा काचेचा डबा घेऊन आला. जुनी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, तेवढी आत तशीच राहिली.

"हा कॉम्प्युटर आहे का पानाची टपरी?" मिस्त्रींनी दिव्यांकडे बघत विचारलं.

"मामा, तेवढं अडकतंय ते बघा ना. दोन सेकंद चालतं आणि थांबतं. आज सहाला फिल्म पाठवायचीय."

घड्याळात दीड वाजला होता.

"आणि नाही गेली तर?"

"तर हे काम सोडतो. तुमच्या दुकानात येऊन बसतो."

मिस्त्रींनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चार स्क्रू काढले की तीनच परत लावणारा हा माणूस. तो उद्यापासून आपल्या शेजारी बसणार, दिवसभर, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी निमूट काच उघडली.

आधी त्यांनी मेमरी बघितली. नीट बसली होती. डिस्क बघितली. तीही नीट. वीज पुरवणारा डबासुद्धा पठ्ठ्याने मोठा घेतला होता. स्क्रू मोजले तर तेही पुरे. मिस्त्रींचा चेहरा उतरला. इतक्या लांब येऊन बोलायला काहीच नाही म्हणजे फेरी फुकटच.

मग त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला आणि चालत्या कार्डाला बोट लावलं. कार्ड थंडगार. पंखे ढिम्म. दिवे मात्र लखलखत होते.

"एवढं मोठं कार्ड घेतलंस आणि ते झोपलंय," मिस्त्री म्हणाले. त्यांना आता बरं वाटू लागलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून डब्याच्या मागे वाकले. स्क्रीनची वायर जुन्या पाटीच्याच भोकात खुपसलेली होती. नव्या कार्डाची तिन्ही भोकं काळ्या टोपणांनी बंद.

"जावईबापू, हे काय आहे?"

"टोपणं."

"ते दिसतंय मला. काढली का नाहीत?"

जावयाने बायकोकडे बघितलं. ती दारात उभी राहून मघापासून ऐकत होती.

"बाबा, तुम्हीच बजावलं होतं ना," ती म्हणाली. "जुन्या चपला कापून तुम्ही सगळ्या भोकांना बुचं मारली होती. धूळ जाते म्हणून. एकदा ह्यांनी स्पीकरसाठी एक बूच काढलं, तर पाहुण्यांसमोर अर्धा तास तोंडसुख घेतलंत. म्हणालात, बंद भोकाला हात लावणारा माणूस गाढव."

"ती मी लावलेली होती. ही कंपनीची आहेत."

"कंपनीतही तुमच्यासारखं कोणी असेल, असं वाटलं," जावई हळूच म्हणाला. "वायर जिथे बसली तिथे लावली. चित्र दिसलं."

चित्र का दिसलं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. काहीही झालं तरी चित्र जुन्या पाटीतूनच यावं, अशी सोय त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी सेटिंगमध्ये करून ठेवली होती. कोणी उपटसुंभाने छेडछाड करू नये म्हणून.

त्यांनी स्वतःची सेटिंग स्वतःच मोडली, टोपणं उपटली आणि वायर कार्डात लावली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. जावयाने व्हिडिओ लावला तसे पंखे फिरायला लागले. स्क्रीनवर पुलाचा खांब सरसर वर चढला, कुठेही न अडखळता.

जावयाने मान वर केली नाही. मिस्त्री खरं तर निघणार होते, पण स्टुलावर बसून राहिले. पोरगा एकेक तुकडा कापत होता, मागे नेत होता, पुन्हा कापत होता. हात सफाईचा होता. हे मिस्त्रींनी आजवर बघितलंच नव्हतं, कारण त्यांनी कायम स्क्रूच मोजले होते.

पावणेसहाला फिल्म गेली. सव्वासहाला निरोप आला, की पुढच्या पुलाचं शूटिंग सोमवारी पाठवतो.

"मग मामा, दुकानात नको ना यायला?"

मिस्त्रींनी तिन्ही टोपणं खिशात टाकली आणि चपला शोधू लागले.

"नको," ते म्हणाले. "तिथे एक गाढव आधीच बसलेलं असतं."