एक टोक पोटात

“डॉक्टरला कोण सांगाय जातंय? नळीतनं हळूच सोडायचं, झालं!”

दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराआड वनिता आपल्या आईला, कमळाबाईंना, सांगत होती. तिची नवी वहिनी शेफाली मागंच उभी होती, हे दोघींना ठाऊक नव्हतं. लग्नाला बावीस दिवस झालेली, न बोलणारी सून. ती आहे की नाही हे तसंही कुणी बघत नव्हतं.

मी ती नळीच बोलतेय. माझं एक टोक हिर्डोशीच्या सर्जेरावांच्या, शेफालीच्या सासऱ्यांच्या, नाकाबाहेर चिकटपट्टीनं डकवलंय. दुसरं त्यांच्या पोटात. कारखान्यातून कोरी, मुकी निघाले होते. आता दोन्हीकडचं ऐकू येतं.

भात कापताना विळा पायाला लागला. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, किडन्या बंद पडल्या. सर्जेराव बेशुद्ध आहेत, पण आत सामसूम नाही. आत कुणीतरी जेवतंय. आधी मांड्या खाल्ल्या, आता दंडांवर आलंय. इतकं आजारी शरीर स्वतःलाच खातं. म्हणून दर दोन तासांनी नर्स मोजून पातळ आहार माझ्यातून सोडते. तेवढा वेळ आतलं चावणं मंदावतं. मग पुन्हा सुरू.

“एवढ्याशा पाण्यानं मानूस उठतोय व्हय?” कमळाबाई रोज म्हणत. आजाऱ्याला शहाळं पाजलं नाही तर माया कसली!

आहार ठरवणाऱ्या बाईंनी शहाळ्याला बजावून मनाई केली होती. त्यामागचं कारण नीट ऐकलं एकट्या शेफालीनं.

आज भेटीच्या वेळी कमळाबाईंनी पदराआडून बाटली काढली. येताना वाटेत कापूरहोळला भरून घेतलेलं शहाळ्याचं पाणी. वनिता दारात पहाऱ्याला, शेफाली खाटेमागं.

“बग, गळा हलला! वळखलं त्येंनी,” कमळाबाई म्हणाल्या.

गळा खरंच हलला. बेशुद्ध माणसानं मला आतून घट्ट आवळलं, मागितल्यासारखं. माझ्या अंगावर काटा येण्याची सोय नाही. नाही म्हणण्याचीही नाही. जे ओताल ते मी पोचवते. बाबांनो, ओतण्याआधी विचारत जा.

माझं टोपण निघालं. सिरिंज टेकली. इतक्यात शेफालीनं मला मधोमध दुमडून चिमटीत धरलं.

“सोड गं! चार दिसांची आलेली, तू शिकवनार मला?” कमळाबाई कुजबुजल्या. वनिताही आत धावली.

शेफालीनं चिमटी आणखी आवळली.

“आत्या, वन्सं, किडनी बंद हाय. शहाळ्यातले क्षार बाहेर पडायचे न्हाईत, मामांचं काळीज थांबंल. मला आजच माहेरी धाडा, पन मी बोटं काढनार न्हाई.”