फायनलचं तिसरं गाणं

महिपतकाकांच्या गेम पार्लरची पोरं आता पस्तिशीला टेकली. कुणाचे केस गेले, कुणाचं पोट आलं, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यांचं भांडण जुंपतं ते अजूनही 'ठोका'वरूनच. ठोका म्हणजे तालाचा व्हिडिओ गेम. त्याचं खरं नाव जपानी आणि दीड वीत लांब होतं. ते कुणाला धड म्हणता येईना, म्हणून डोंबिवलीत सगळे त्याला ठोका म्हणायचे. गाणं सुरू झालं की पडद्यावर उजवीकडून रंगीत चकत्या सरकत येतात, चकती डावीकडच्या गोलात आली की समोरच्या थाळीवर काठी हाणायची. एवढाच खेळ. पण तेवढ्यासाठी या मंडळींनी लेक्चरं बुडवली, आयांची बोलणी खाल्ली आणि मानपाडा रोडवरच्या त्या तळघरात आयुष्याची सगळ्यात मजेची तीन वर्षं घालवली. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

तर या ठोकाचा नवा भाग येणार अशी बातमी मंगळवारी सकाळी आली आणि ग्रुप पेटला. बातमी आणली दिपेशने. हा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि काम सोडून बाकी सगळ्या गोष्टींची त्याला सकाळी नऊच्या आत खबर असते. नव्या खेळात काय काय असणार याची यादीच त्याने टाकली. आपल्या आवडीचं गाणं आपण घालू शकणार. त्यावर कळव्याची वल्लरी, जी शाळेत गणित शिकवते, म्हणाली की मी पहिलं लेझीमचं घालणार. दिपेशने तिला शाळेची प्रार्थना घालायला सांगितलं, म्हणजे पोरांना खेळतानाही झोप येईल. मग दोघांनी पाचवीपासूनचे हिशेब चुकते केले. मधल्या भागात काढून टाकलेला जोडीचा खेळ परत येणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. जोडीशिवाय ठोका म्हणजे चटणीशिवाय वडापाव, असं वल्लरीने जाहीर केलं.

ऋजुता हे सगळं नौपाड्यातल्या आपल्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये बसून वाचत होती. एका आजींच्या खांद्याला शेक लावला होता, दहा मिनिटं मोकळी होती, आणि ती एकटीच हसत होती. आजींनी विचारलंही, काय गं, नवऱ्याचा मेसेज का. ती म्हणाली, नाही हो, जुने मित्र. एके काळी या सगळ्यांत ऋजुताचा हात सगळ्यात वेगवान होता. पार्लरच्या भिंतीवर पहिल्या नंबरला जोडी लिहिलेली असायची, ऋजुता आणि संदेश, आणि ती दोन वर्षं कुणी पुसू शकलं नाही.

संदेशही या ग्रुपमध्ये होता. तीन वर्षांपूर्वी दिपेशने त्याला घेतलं, पण त्याने आजवर चकार शब्द काढला नव्हता. आणि तो का बोलत नाही, हे ऋजुताला चांगलं ठाऊक होतं.

यादीतल्या पुढच्या दोन गोष्टी समजवायला दिपेशने चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. माणसाला टाइप करायचा कंटाळा असला की ऐकणाऱ्याचे हाल होतात. तिचं सार असं की, जुन्या ठोकात ठोका हुकला की नुसतं 'चुकलं' असं यायचं. आता प्रत्येक ठोक्याला 'आधी' की 'नंतर' तेही दिसणार. आणि दुसरं म्हणजे, चपट्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा उमटतं, तर तो उशीर खेळ स्वतःच मोजून दुरुस्त करणार. शेवटी दिपेश हसत हसत म्हणाला, "अरे, आपल्याला तेव्हा कळलंच नाही. काकांचा तो टीव्ही चांगलाच मागे होता. आपण सगळे चित्राच्या आधी मारायला शिकलो आणि त्यालाच टॅलेंट समजलो."

ग्रुपवर हसण्याचे चेहरे कोसळले. ऋजुताचं हसू मात्र जागच्या जागी विरलं.

तो टीव्ही तिला लख्ख आठवत होता. काकांनी जुना डबा टीव्ही काढून दसऱ्याला हा नवा, चपटा आणला होता. हार घातला, कोपऱ्यावर हळदकुंकू लावलं, थाळ्यांची आणि काठ्यांचीही पूजा केली, सगळ्यांना पेढे वाटले. आणि पेढे खाऊन जो तो खेळायला बसला तो धडाधड चुकायला लागला. काका म्हणाले, नवीन वस्तू आहे, हात बसायला वेळ लागेल. पंधरा दिवसांत हात बसलाही. म्हणजे काय, तर चकती गोलात यायच्या किंचित आधी काठी मारायची खोड सगळ्यांना लागली. दिवाळीपर्यंत कुणाला आठवतही नव्हतं की आपण पूर्वी वेगळं खेळत होतो.

एकटा संदेश त्या पंधरा दिवसांतही चुकला नाही. त्याच्या घरी भजन. त्याचे आजोबा राघो गुहागरकडे गावात मृदुंग वाजवायचे आणि म्हातारपणी मुलाकडे डोंबिवलीत आल्यावरही दर एकादशीला भजनाला बसायचे. संदेश पडद्याकडे बघायचाच नाही फारसा. तो ऐकून वाजवायचा. आवाज काकांच्या जुन्या स्पीकरमधून यायचा आणि तो मुळीच उशिरा नव्हता. ऋजुता बघून आधी मारायची, संदेश ऐकून बरोबर मारायचा, आणि दोघांचे ठोके एका जागी पडायचे.

मग २०१० साली ठाण्याच्या एका मॉलमध्ये स्पर्धा झाली. जोडीचं बक्षीस होतं, आणि सगळ्यात चांगल्या एकट्या खेळाडूचंही वेगळं होतं. डोंबिवलीहून पंधरा-वीस जण ओरडायला गेले होते. संदेशने आजोबांना आणलं होतं. ते धोतर आणि स्वच्छ पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि नातवाकडे कौतुकाने बघत होते. फायनलला तीन गाणी. पहिल्याच गाण्यात ऋजुताचे ठोके हुकायला लागले. चुकलं, चुकलं, चुकलं. दरवेळी तिची काठी पडायची आणि मागून संदेशची पडायची, आणि तिची खात्री झाली की हा मागे राहतोय आणि मला ओढतोय. दुसरं गाणं तसंच गेलं. तिसऱ्यात तर संदेशचेही हुकले. जोडीचं बक्षीस गेलं, एकट्याचंही मुलुंडच्या कुणीतरी नेलं.

आणि मग ऋजुताने तोंड सोडलं. एकोणीस वर्षांची, हरलेली आणि चारचौघांत रडू येतंय म्हणून अजूनच चिडलेली. सगळ्या डोंबिवलीसमोर, पहिल्या रांगेतल्या आजोबांसमोर ती म्हणाली की तुला तालच नाही, तुझ्या घरात पिढ्यान्पिढ्या मृदुंग वाजतो त्याचा काय उपयोग झाला. संदेश आजोबांचा हात धरून निघून गेला. त्यानंतर तो पार्लरला आला नाही, आणि आठवड्याभराने ऋजुताही जायची बंद झाली.

आता क्लिनिकमध्ये बसून तिला कळत होतं की मॉलचा टीव्ही नीट होता. संदेश मागे नव्हता. तीच पुढे होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर वाकड्या अंगणात नाचायला शिकून ही बाई सरळ अंगणाला वाकडं म्हणून आली होती. बरं, अंगणाला म्हणाली असती तरी चाललं असतं. ती संदेशला म्हणाली होती. पंधरा वर्षं तिने हे भांडण कुणालाही सांगताना "त्याने ऐनवेळी कच खाल्ली" असंच सांगितलं होतं, अगदी नवऱ्यालासुद्धा. तिला स्वतःची लाज वाटली, चांगली कानापर्यंत. आजींचा शेक वेळेपेक्षा जास्त झाला आणि त्यांनी हाक मारली तेव्हा ती भानावर आली.

फक्त एक गोष्ट तिला उमगेना. संदेश ऐकून बरोबर वाजवत होता, तर तिसऱ्या गाण्यात त्याचे ठोके का हुकले?

खेळ बाहेर यायच्या आधी काही जणांना तो तपासायला मिळणार होता आणि दिपेशने कुठूनतरी आपला नंबर लावून घेतलाच. रविवारी दुपारी माझ्याकडे या, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. ऋजुताने पंधरा वर्षांत पहिल्यांदा संदेशला वेगळा मेसेज केला. चार वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. शेवटी एवढंच गेलं, "रविवारी ये ना. मला बोलायचंय." दोन दिवस काही नाही. शनिवारी उत्तर आलं, "येतो."

माफी फोनवर मागून मोकळं होता आलं असतं. पण तिने ठरवलं होतं, बोलले चारचौघांत, तर परतही चारचौघांत घ्यायचं. ठरवणं सोपं असतं. रविवारी दिपेशच्या जिन्यातून ती दोनदा माघारी वळली.

संदेश आधीच आला होता. तो टिटवाळ्याला राहायला गेलाय आणि वीज मंडळात आहे, हे तिला वल्लरीकडून कळलं होतं. कानाजवळ पांढरे केस आले होते, बाकी तसाच. कशी आहेस, म्हणाला. बरी आहे, म्हणाली. मग दोघांनी दिपेशच्या बायकोने आणलेल्या पोह्यांकडे फार लक्ष दिलं. वल्लरी बडबडत होती म्हणून बरं.

दिपेशने खेळ लावला. टीव्हीचा उशीर खेळाने आपोआप मोजला आणि सगळे वा वा करून झाले. मग दिपेशनेच ऋजुताच्या हातात काठ्या दिल्या. म्हणाला, आमची चॅम्पियन आधी. गाणं सुरू झालं, चकत्या सरकायला लागल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. आधी. आधी. आधी. आधी. एकसुद्धा 'नंतर' नाही. पंधरा वर्षं झाली, पार्लर गेलं, टीव्ही भंगारात गेला, पण तिचे हात अजून त्याच टीव्हीसमोर बसले होते. वल्लरी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. डोंबिवली टायमिंग, डोंबिवली टायमिंग, असं ओरडत दिपेशने टाळ्या पिटल्या. ऋजुताने अर्ध्या गाण्यात काठ्या खाली ठेवल्या आणि दिपेशला खेळ थांबवायला सांगितलं.

"संदेश, ती फायनल मी घालवली," ती म्हणाली. "तू बरोबर होतास. आणि मी तुला सगळ्यांसमोर नको ते बोलले. ते मी परत घेते. सॉरी."

वल्लरी उठून बसली.

"माहितीये मला," संदेश म्हणाला.

"कधी कळलं?"

"पहिल्या गाण्यातच."

"मग तिसऱ्या गाण्यात तुझे ठोके का चुकले?"

संदेशने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. सांगावं की नको, असं त्याला वाटत असावं.

"आजोबांनीही हेच विचारलेलं, घरी जाताना," तो म्हणाला. "म्हणाले, बरा वाजवीत होतास, मग शेवटाला त्या पोरीच्या मागे का धावलास. मी म्हटलं, ती एकटीच चुकत होती आजोबा. जोडीला उभं राहायचं आणि तिला एकटीला चुकू द्यायचं, ते काय बरं नाही वाटलं मला."

म्हणजे एकट्याचं बक्षीस त्याच्या हातात होतं आणि त्याने ते तिच्यासाठी सोडलं होतं. आणि त्यानंतर पाच मिनिटांत तिने त्याचा ताल काढला होता. ऋजुताला आता रडू आवरेना आणि तिने ते आवरलंही नाही.

"तू बोललीस ते लागलं मात्र," संदेश म्हणाला. "खोटं कशाला बोलू. खूप दिवस लागलं."

तिने मान हलवली. डोळे पुसले. मग म्हणाली की मला तुझ्या आजोबांचीही माफी मागायची आहे, त्यांच्या देखत बोलले होते मी, टिटवाळ्याला कधी येऊ सांग.

"आजोबा गेले गं. आठ वर्षं झाली."

दिपेशने उगीच पंख्याकडे बघितलं.

"पण ते तुझ्यावर रागावलेले नव्हते," संदेश घाईने म्हणाला. "उलट म्हणायचे, पोरगी पुढे धावते, पण हात गोड आहे, एकदा घरी आण तिला, मी शिकवतो. प्रत्येक एकादशीला विचारायचे. आली का ती पोरगी?"

"मग तू मला बोलावलं का नाहीस?" ऋजुताने विचारलं.

"मला वाटायचं, तूच फोन करशील," संदेश म्हणाला.

ऋजुता त्याच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली. मग तिने विचारलं, घरी मृदुंग कोण वाजवतं आता. तो म्हणाला, मीच, येतं तेवढं. पुढची एकादशी कधी आहे, असं तिने विचारलं, आणि वल्लरीने फोनमध्ये बघून सांगितलं, शुक्रवारी.