ओला ग्लास

क्लबातल्या पूल टेबलांचं कापड गेली वीस वर्षं मावशीच ब्रशने झाडायच्या, नेहमी एकाच दिशेने. एकदा मालकांच्या जावयाने नुकत्याच झाडलेल्या कापडावर सरबताचा ग्लास ठेवला.

"ग्लास उचला," मावशी म्हणाल्या.

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, म्हणूनच अहो-जाहो करतेय."

जावई हसला, पण ग्लास काही उचलेना. मावशींनी सगळे चेंडू पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मालक धावत आले. "अहो, जावई आहेत ते!"

"तुमचे असतील, कापडाचे नाहीत."

मालकांनी स्वतःच ग्लास उचलला. मावशी कोरड्या फडक्याने डाग टिपू लागल्या. "वाळेपर्यंत कुणीही खेळायचं नाही," त्यांनी बजावलं. जावई दोन तास भिंतीला टेकून उभा राहिला.